बंद ट्रॉलीचा तळ

ट्रॉलीच्या तळाला काय लावायचं, हा प्रश्न आमच्या साताऱ्याच्या दोन खोल्यांत महिनाभर मुक्कामाला होता. आई वैतागून म्हणायची, "लोकांच्या घरात पोरीच्या लग्नाचं बोलत्यात, आमच्यात पत्र्याचं." मी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. लग्नाऐवजी पत्र्याचं बोलणं चाललंय, याचं मला बरंच वाटत होतं.

पप्पा सैन्यात ड्रायव्हर होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि साताऱ्यात एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. सैन्यातला युनिफॉर्म ते स्वतः इस्त्री करायचे. गेटवरचा खाकी मात्र घरी आल्या आल्या अंगातून काढून दारामागे अडकवायचे आणि कोणी पाहुणा येणार असला की तो तिथून आत हलायचा. एकदा मी डबा द्यायला गेले, तेव्हा माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल असा एक साहेब स्कूटरवरूनच त्यांना "ए, गेट खोल" म्हणाला. मी ऐकलं. मी ऐकलं हे पप्पांनी पाहिलं. त्यानंतर ते डबा सकाळीच सोबत घेऊन जायला लागले. आईने कारण विचारलं, तर म्हणाले, "पोरीचा अभ्यास बुडतो."

त्या गेटवरून सुटायचं म्हणून ट्रॉली होती. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, द्राक्षांच्या पट्ट्यात. बागा आमच्या नव्हत्या. आमचं त्या गावात वस्तीतलं एक घर होतं, तेही चुलत्यांच्या ताब्यात. लोक तेव्हा द्राक्षं शीतगृहात ठेवायला नुकते लागले होते, पण बागेतून शीतगृहापर्यंत माल उघड्या टेम्पोतून, उन्हातून जायचा आणि पोचेपर्यंत घडांचे देठ सुकलेले असायचे. पप्पांनी सैन्यात जीपमागे ट्रेलर जोडून डोंगरातल्या चौक्यांना रेशन पोचवलं होतं. त्यांनी लिलावात एक जुनी जीप घेतली आणि तिच्यामागे एक बंद ट्रॉली जोडायची ठरवली. बाजूला पत्रा, वर झरोके, आत सावली.

गावातला सगळ्यात मोठा बागायतदार, ज्यांना लहानथोर सगळे आण्णा म्हणायचे, त्यांनी शब्द दिला, "ट्रॉली झ्याक झाली तर माझा आन् भावकीतल्या समद्यांचा माल तुमच्याकडं, हवालदार." पप्पांनी गेटवरून बिनपगारी रजा घेतली. एक हंगाम नीट पार पडला की नोकरी सोडायची. नाही पडला तर पुन्हा तो खाकी. आमच्या घरात हे कोणी असं बोलून दाखवलं नव्हतं, पण दारामागचा तो शर्ट आईने धुऊन, घडी न घालता, तिथेच ठेवला होता.

आण्णा पप्पांना हवालदार म्हणायचे. सगळं गावच म्हणायचं. मला सुरुवातीला तो मान वाटला. मी छावण्यांतल्या इंग्रजी शाळांत वाढले, गावात सुट्टीपुरती यायचे, त्यामुळे बऱ्याच गोष्टी मला बाहेरच्या माणसासारख्या उशिरा दिसायच्या. गावात कोणी नुसता माणूस नसतो. कोणी तात्या, कोणी आबा, कोणी मामा, कोणी नाना. नातं नसलं तरी हाकेत नातं घालतात. पप्पांच्या वयाचा, त्यांच्या पदाचा दुसरा एक फौजी गावात होता, त्याला लोक बापू म्हणायचे. आमचे पप्पा मात्र हवालदार. त्या एका शब्दाने आदरही व्हायचा आणि नात्यातून सुटकाही. पप्पांनीही त्यावर त्यांचा उपाय काढला होता. आण्णा "राम राम" म्हणाले की पप्पा ताठ उभे राहून "जय हिंद" म्हणायचे. वस्तीत आल्यावर "जयभीम".

सांगलीत मिरजेच्या रस्त्याला बॉडीवाल्यांच्या शेडची रांग होती. आमचा मिस्त्री जन्मभर उसाच्या ट्रॉल्या करत आलेला. पप्पांनी काढलेलं चित्र त्याने उलटसुलट करून पाहिलं.

"हवालदारसाब, हेच्यात द्राक्षं न्यायची का बिऱ्हाड करायचं?"

"का रे?"

"वर छप्पर, बाजूला खिडक्या. एक चूल टाकली की संसार उभा राहतोय बघा."

"तू तळाचं बोल. तळाला काय लावू या?"

"तळाला? उसाच्या ट्रॉलीचा तळ आजवर कुणी बघितला न्हाई साब. लाल रंग मारायचा आन् सोडायची."

"ऊस रस गाळत नाही. द्राक्षं गाळतात."

हे खरं होतं. खोक्याच्या तळाशी एक घड जरी चेपला तरी रस गळतो, पत्र्यावर वाळतो, आंबतो, मुंग्या येतात, पत्रा खातो. ट्रॉली रोज धुवावी लागणार, आणि धुतली की गंज. मिस्त्री म्हणाला, लाकडी फळ्या टाका. पप्पा म्हणाले, फळी रस पिते आणि बुरशी धरते. मिस्त्री म्हणाला, डांबर फासा, शंभर वर्षं बघायला नको. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "डांबराचा वास द्राक्षांना लागेल." एवढं एक वाक्य बोलायला मला बराच वेळ लागला, आणि बोलल्यावर मिस्त्रीचा हाताखालचा वेल्डर हसला. बोलणं चुकीचं नव्हतं. मी ते वर्गात उत्तर दिल्यासारखं बोलले होते. माझं मराठी तेव्हा पुस्तकातून आल्यासारखं यायचं आणि मी ते शक्यतो बाहेर काढत नसे.

पप्पांच्या मनात वेगळंच होतं. कारखान्याच्या मोठ्या शेडमध्ये राखाडी रंगाची, गुळगुळीत जमीन होती. फेरी मारताना ते तिच्यावरून चालायचे. "तिच्यावरून फोर्कलिफ्ट जाते," ते म्हणायचे, "ऑइल सांडतं, ॲसिड सांडतं. फडकं मारलं की साफ. ओरखडा म्हणून नाही." त्यांनी तिथल्या एका फोरमनला विचारून नाव आणलं होतं, इपॉक्सी. ते हा शब्द दर वेळी थोडा वेगळा उच्चारायचे. दुसऱ्याच्या शेडमधली जमीन त्यांना स्वतःच्या ट्रॉलीत हवी होती, आणि ते मला इतकं समजत होतं की मी उच्चार कधी दुरुस्त केला नाही.

सांगलीच्या पेठेतला रंगवाला तर हसायलाच लागला. "ट्रॉलीला इपॉक्सी? अहो साहेब, ऑइल पेंट न्या, दोन हात मारा, मोकळे व्हा." पण पप्पा हटले नाहीत, तेव्हा त्याने आतून दोन डबे आणून ठेवले. एक मोठा, एक लहान. "दोन्ही मिसळायचं असतं म्हणे. ताई, तुम्हीच वाचा काय लिहिलंय, आमचं इंग्लिश बिलापुरतं."

मी वाचलं. दुकानात उभं राहून, डब्याच्या कडेची बारीक अक्षरं. किती भागाला किती भाग. मिसळल्यावर किती वेळात वापरून संपवायचं. पत्रा कोरडा, तेलाचा अंशही नको. आणि शेवटी, रंग हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला आठवडा, थंडीत जास्तच. तोवर पाण्याचा थेंबही लागता कामा नये. पप्पा माझ्या शेजारी हात मागे बांधून ऐकत होते. माझ्या शाळेच्या फीसाठी त्यांनी काय काय सोडलं होतं ते मला माहीत होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की त्या शाळेचा त्यांना काही उपयोग झाला.

तरी मी म्हटलं, आपण करून बघू. मिस्त्रीकडून पत्र्याचे तुकडे आणले आणि साताऱ्याच्या घराच्या गच्चीवर एकेकाला वेगळा रंग दिला. लाल प्रायमर, ऑइल पेंट, डांबर, आणि छोट्या वाटीत मोजून कालवलेलं इपॉक्सी. ते पक्के झाल्यावर त्यांच्यावर द्राक्षाचा रस ओतून ठेवला. आईने त्यावरून बोलून घेतलं, पण रोज बघायला तीही वर यायची. ऑइल पेंटला सुरकुत्या आल्या. लाल रंग नखाने निघाला. डांबराला काही झालं नाही, पण पत्रा उन्हात ठेवला की सगळी गच्ची नव्या रस्त्यासारखी वास मारायची. राखाडी तुकडा मी धुतला, पुसला, त्याच्यावर विटेचा तुकडा घासला. पप्पांनी तो हातात घेऊन उजेडात धरला. नंतर तो तुकडा त्यांच्या पिशवीत असायचा आणि ते लोकांना काढून दाखवायचे. "नख लावून बघा," म्हणायचे. "लावा, लावा. जोरात लावा."

आण्णांनाही त्यांनी तो दाखवला. आण्णांनी नख लावलं, मान हलवली, "दगड हाय की." रंग लावायचा प्रश्न आला तेव्हा त्यांनीच मार्ग सुचवला. वस्तीत मोकळ्या जागेत धूळ. ओल्या रंगावर धूळ बसली की संपलं. "आमचं पॅकिंगचं शेड हंगामापातुर मोकळंच हाय. तितं आणून लावा. वाळंस्तवर राहू दे." त्या संध्याकाळी पप्पा दोनदा म्हणाले, "माणूस चांगला आहे." दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा आई म्हणाली, "बरं, हाय." आणि भाकरी उलटली.

आम्ही दोघांनीच रंग लावला. आधी तारेच्या ब्रशने पत्रा घासला, थिनरने पुसला, प्रायमरचा हात दिला. मग मी डबे मिसळले, पप्पा ब्रश मारत दाराकडे सरकत आले. मध्येच बारीक चाळलेली वाळू भुरभुरवली, पाय आणि खोके घसरू नयेत म्हणून. वासाने डोळ्यांतून पाणी येत होतं. पप्पा मधेच म्हणाले, "तुझ्या लग्नातसुद्धा मी इतकं वाकणार नाही." मी हसले. ते असं सहसा बोलत नसत. शेवटची पट्टी झाली आणि ते उतरून मागे उभे राहिले. शेडच्या अर्धवट उजेडात तळ राखाडी, ओला, सपाट दिसत होता. त्यांनी कमरेवर हात ठेवले, लगेच काढले. कोणी पाहिलं तर, असं वाटलं असेल.

आण्णांना, त्यांच्या बायकोला, गड्यांना, सगळ्यांना पप्पांनी सांगितलं, की आठवडाभर दार उघडायचं नाही आणि पाणी अजिबात लावायचं नाही. काकी म्हणाल्या, "आमी कशाला तिकडं जातोय?" मी आण्णांच्या बायकोला काकी म्हणायचे. त्या मला काहीच म्हणत नसत. बोलायचं झालं तर, "हिला सांगा," असं पप्पांना.

आठवडा उलटून गेल्यावर, माल भरायच्या दिवशी, मी हट्टाने गेले. कॉलेज बुडवलं. आदल्या रात्री आम्ही गावात चुलत्यांकडे उतरलो होतो, आणि सकाळी उठले तेव्हा पप्पा आधीच निघून गेले होते. मी शेडवर पोचले तर बागेतून पहिली खोकी आली होती, आण्णा, भावकीतले चार-पाच जण आणि पप्पा उभे होते, आणि ट्रॉलीचं दार उघडं होतं. गडी आत ठेवलेली दोन-तीन खोकी पुन्हा बाहेर काढून खाली ठेवत होते. एका खोक्याच्या बुडाला राखाडी रंगाचा पापुद्रा चिकटला होता.

"हवालदार, रंग उठाय लागला की ओ तुमचा," आण्णा म्हणाले.

"दगड म्हणत हुता न्हवं?" त्यांचा एक पुतण्या म्हणाला. "दगडाला घाम सुटला म्हणायचा."

मी दारातून आत वाकले. राखाडी तळावर पांढुरके डाग पडले होते. थेंबाएवढे, काही ओघळलेले. दाराजवळ दाट, आत जावं तसे विरळ, आणि सगळे एका अंगाने पसरलेले, जसं कोणी दारात उभं राहून उजव्या हाताने आत उडवत गेलं असावं. उंबऱ्याच्या अगदी जवळ एक पूर्ण वर्तुळ होतं, तांब्याच्या बुडाएवढं. मी एका डागावर बोट टेकलं. चिकट. रंग वरून धरला होता, आत कच्चा राहिला होता. जिथे ओल लागली होती, तिथे तो आता असाच राहणार होता. बोट नाकाजवळ नेलं, आणि मग मला डब्यावरचं काहीही आठवायची गरज उरली नाही.

"यात पाणी पडलं आहे," मी म्हणाले.

शेडच्या दुसऱ्या टोकाला काकी पेपरचे तुकडे मोजून गड्यांना देत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "पाणी कुटलं? गोमूत्र हाय त्ये. त्यानं काय हुतंय? चांगलंच असतंय."

त्यांच्या आवाजात काही वाईट नव्हतं. भाजीत मीठ घातलंय, असं सांगावं तसं त्या बोलल्या. मला आजही वाटतं, त्यांनी ते रागाने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

आण्णा घाईने म्हणाले, "नव्या गाडीला करत्यात तसं केलं, हवालदार. शुभ काम. मुहूर्ताचं."

नव्या गाडीला काय करतात ते मी पाहिलं होतं. त्याआधीच्याच दसऱ्याला, याच शेडसमोर, आण्णांच्या नव्या ट्रॅक्टरला झेंडूचा हार घातला होता, चाकाखाली लिंबं ठेवली होती, बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं ओढली होती, नारळ फोडून खोबरं वाटलं होतं. आम्हीही रस्त्यावर उभं राहून पाहिलं होतं. पप्पांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आमच्या ट्रॉलीवर कुंकवाचं बोट नव्हतं. हार नव्हता, नारळ नव्हता. गाडी नवी म्हणून जे करतात त्यातलं काहीच केलं नव्हतं. जे केलं होतं, ते गाडी कोणाची म्हणून करतात.

मी सहसा बोलत नाही. तेव्हा बोलले. "तुमच्या ट्रॅक्टरवर गोमूत्र शिंपडलं होतं का?"

मला वाटलं होतं, या प्रश्नानंतर शांतता होईल. झाली नाही. पुतण्या हसला, मग दुसरा हसला. "पोरगी लय शिकलीया, हवालदार," आण्णा म्हणाले, "इंग्लिश शाळेतली न्हवं का. रंग पण तिनंच पसंत केला म्हणं? मी म्हटलं हुतं साधा ऑइल पेंट मारा." त्यांनी असं कधीच म्हटलं नव्हतं. "शहरातली थेरं शेतात चालत न्हाईत बघा बाळ." पहिल्यांदा ते मला काहीतरी म्हणाले, तेही असं.

मी पप्पांकडे पाहिलं. मी त्यांचीच बाजू मांडत होते. मला वाटलं, ते पिशवीतला तो तुकडा काढतील, रंग खोटा नाही, बाकीचा तळ बघा, नख लावा, म्हणतील.

"गाडीत जाऊन बस," पप्पा म्हणाले.

"पप्पा, पण..."

"बस म्हटलं ना."

मी जाऊन जीपमध्ये बसले. बाजूच्या आरशात ट्रॉलीचं दार दिसत होतं. पुढचं सगळं मी आरशात पाहिलं, ऐकलं मात्र थेट. भावकीतला एक जण म्हणाला, खोकी खराब व्हायची, उघडा टेम्पोच बोलवा. दुसरा म्हणाला, एवढ्या सकाळी टेम्पो कुटनं आणतोस? मग आण्णांनी तोडगा काढला. त्यांच्या घरातून एक ताडपत्री आली, कोरी, दुमडीच्या रेघा न मोडलेली. "ही खाली घाला. म्हंजे तळाचा संबंदच न्हाई. काय, हवालदार?"

"चालेल," पप्पा म्हणाले.

त्यांनीच ती आत अंथरली. कोपरे ओढून, सुरकुती काढून, सैन्यात बिछाना लावतात तशी. कोपऱ्यात दुमड घालून ती घट्ट बसवली. आण्णा म्हणाले, "वा, काम म्हंजे काम." खोकी चढू लागली.

शीतगृहाकडे जाताना मी आरशात मागची ट्रॉली बघत राहिले. मग विचारलं, "तुम्ही त्यांना काहीच का नाही म्हणालात?"

"माल भरला ना?"

"पण त्यांनी..."

"माल भरला ना, बेटा? मग झालं."

त्यांनी गिअर बदलला आणि हात माझ्याजवळ आला. हाताला थिनरचा वास येत होता. बोटांच्या पेरांत राखाडी रंग बसला होता, नखांखाली चिंधीचे धागे. म्हणजे सकाळी लवकर येऊन त्यांनी दार उघडलं होतं. डाग पाहिले होते. कोणी यायच्या आत ते पुसून काढायचा प्रयत्न केला होता. उंबऱ्याजवळ एका ठिकाणी रंग फराटला होता, तो मी पाहिला होता आणि मला कळलं नव्हतं. ते त्यांना माहीत होतं. मी यायच्या आधीपासून माहीत होतं, आणि त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. त्यांच्या त्या ठरवण्यात मी मधेच येऊन बोलले होते.

त्यानंतर आम्ही त्या दिवसाबद्दल बोललो नाही. मी एकदा म्हणाले, डाग पडले तेवढाच भाग घासून पुन्हा हात मारता येईल. पप्पा म्हणाले, "खाली आहे. कोणाला दिसतंय?"

हंगाम झाला. वाईट झाला असं म्हणता येणार नाही. रजा संपली तेव्हा पप्पांनी गेटच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि आईने दारामागचा शर्ट फाडून त्याची फडकी केली. रोज माल भरण्याआधी आण्णांच्या घरून ताडपत्री यायची आणि माल उतरला की पुन्हा त्यांच्या घरी धुवायला जायची. ट्रॉली पप्पा धुवायचे. इतका पारखून घेतलेला तळ, ज्याच्यावर ॲसिड सांडलं तरी चालेल, त्याच्यावर द्राक्षाच्या रसाचा एक थेंब पडला नाही. शीतगृहावरचे हमाल विचारायचे, "ताडपत्री कशाला ओ घालताय? तळ तर चांगला हाय." पप्पा म्हणायचे, "मालकाचा माल. मालकाची मर्जी."

माल मात्र फार चांगला पोचायचा. देठ हिरवे, मण्यांवरची पांढरट झाक तशीच. शीतगृहवाले आण्णांना म्हणाले, की या बंद ट्रॉलीमुळे तुमचा माल उठून दिसतो. मला वाटतं, तिथेच आमचं संपलं.

पुढच्या हिवाळ्यात आण्णांनी स्वतःची बंद ट्रॉली करायला टाकली. त्याच मिस्त्रीकडे, त्याच मापाची. ही बातमी आम्हाला त्यांच्याकडून कळली नाही, मिस्त्रीकडून कळली. मग एक दिवस आण्णांचा गडी साताऱ्याला आमच्या घरी आला. खाली बसून चहा प्यायला, इकडचं तिकडचं बोलला आणि म्हणाला, "आण्णांनी सांगितलंय, त्यो राखाडी रंग कसा कालवायचा त्ये हवालदारांच्या पोरीला ठावं हाय. डबं आणल्यात. एक दिस येऊन दावलं तर बरं हुईल. मिस्त्रीला त्ये इंग्लिश काय उमगंना."

पप्पा माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत हुकूम नव्हता. असता तर मी कदाचित गेले असते. त्यांना अजून आशा होती, की गेलं तर संबंध राहतील, आण्णांचा नाही तरी भावकीतल्या कोणाचा माल मिळेल.

"मी येणार नाही," मी म्हणाले.

"परीक्षा आहे तिची," पप्पा गड्याला म्हणाले. परीक्षा नव्हती.

ते स्वतः गेले. डब्यावरचं सगळं त्यांना पाठ होतं, मी एकदाच वाचून दाखवलं होतं तरी. संध्याकाळी परत आले ते वास घेऊनच. आईने गरम पाणी दिलं. मी न राहवून विचारलं, "पाण्याचं सांगितलंत?"

"सांगितलं. आठवडाभर थेंब लागू द्यायचा नाही म्हटलं." थोड्या वेळाने म्हणाले, "चांगला बसला रंग. आपल्यापेक्षा सपाट बसला."

भावकीतल्या कोणाचाही माल आला नाही. ट्रॉली मिस्त्रीच्या शेडबाहेर विकायला लावली. बरेच जण येऊन, चाकाला लाथ मारून गेले. शेवटी माण तालुक्याकडचा एक माणूस आला, शेळ्या-मेंढ्यांचा व्यापारी, डोक्याला फेटा, पायात टायरच्या तळाच्या चपला. दार उघडताच तो विचारत न बसता चपलांसकट आत चढला आणि तळावर दोन उड्या मारल्या. पत्रा घुमला. पप्पांचा हात उगाच पुढे झाला, जणू त्याला आवरायला, आणि खाली गेला.

"घट्ट हाय," तो आतून म्हणाला. मग वाकून म्हणाला, "हे पांढरं डाग कशाचं ओ?"

मी पप्पांच्या शेजारी उभी होते. त्या माणसाला काहीही सांगितलं असतं तरी आमचं काही बिघडणार नव्हतं. तो आमच्या गावचा नव्हता, त्याला पुन्हा भेटायचंही नव्हतं.

"रंग लावताना आमच्याकडून चूक झाली," पप्पा म्हणाले. "वाळायच्या आधी पाणी लागलं."

"असू द्या की. मेंढरांना काय त्याचं?" तो म्हणाला आणि आतल्या भिंतीवर थाप मारत दाराशी आला. चपलेला लागलेली माती त्याने तळाच्या कडेला घासून काढली, आणि खाली उतरून भावाचं बोलायला लागला.

पुढच्या महिन्यात पप्पा दुसऱ्या एका कारखान्याच्या गेटवर लागले. पहिल्या गेटवर त्यांच्या जागी दुसऱ्या कोणालातरी घेतलं होतं. इथला युनिफॉर्म निळा होता. तो ते घरातूनच घालून जायला लागले, आणि दारामागे अडकवणंही बंद झालं. कोणी आलं तरी ते त्यातच बसून राहायचे.